चार मितींचा गोल स्वतःला गिळत नाही

चार मितींचा गोल फिरताना दाखवणारा रंगीत कड्यांचा एक व्हिडिओ आहे, तो अखेर माझ्या भाचीपर्यंत पोचला. अकरावीत आहे ती. खालचा मजकूर असा: ‘ही चौथ्या मितीतल्या गोलाची खरी सावली. पाहा, गोल स्वतःला गिळून उलटा होतो! तो सुट्या कड्यांचा बनलेला आहे. आणि मिती वाढतील तसा गोल मोठाच होत जातो, अनंतापर्यंत.’ चार दावे, त्यातला एक अर्धा बरोबर.

‘खरी सावली’: सावली म्हणायला हरकत नाही, पण कुठल्या दिव्याची? उन्हासारखे समांतर किरण सोडले, म्हणजे बिंदूची जागा सांगणाऱ्या चार संख्यांपैकी (निर्देशकांपैकी) एक नुसती पुसून टाकली, तर पडतो एक भरीव चेंडू. त्याच्या आतल्या प्रत्येक जागी मूळचे दोन-दोन बिंदू एकावर एक बसलेले. व्हिडिओत तसं नाही. तिथे दिवा गोलाच्या उत्तर ध्रुवावरच ठेवलाय. याला स्टिरिओग्राफिक प्रक्षेप म्हणतात.

‘स्वतःला गिळून उलटा होतो’: सगळा घोळ इथे आहे. चौथ्या निर्देशकाला उंची म्हणू. गोलाची त्रिज्या 1, म्हणजे उंची 1 ला उत्तर ध्रुव, 0 ला विषुववृत्त, −1 ला दक्षिण ध्रुव. प्रक्षेप काढायचा तर बाकीचे तीन निर्देशक (1 − उंची) ने भागायचे, संपलं. पण या भागाकाराने मापं ताणली जातात. दक्षिण ध्रुवाजवळचा तुकडा निम्मा होतो, विषुववृत्तावरचा आहे तसा राहतो, उंची 0.9 ला दहापट, 0.99 ला शंभरपट. गोल फिरला की तीच कडी खालून वर सरकते आणि पडद्यावर फुगते. मूळ गोलावर ती एक केसभरही वाढलेली नसते.

आता ‘उलटा’. गोलावरचे असे बिंदू घ्या की पहिल्या दोन निर्देशकांच्या वर्गांची बेरीज अर्धा, उरलेल्या दोघांचीही अर्धा. हा क्लिफर्डचा टोरस. प्रक्षेपात तो मेदूवड्यासारखा दिसतो: मधल्या वर्तुळाची त्रिज्या 1.414, जाडीची त्रिज्या 1. मूळ गोलाचे हा पृष्ठभाग दोन अगदी सारखे भाग करतो. पडद्यावर मात्र एक भाग वड्याच्या आत मावतो आणि दुसरा म्हणजे बाहेरचं सगळं अवकाश! पहिला निर्देशक आणि उंची यांच्या प्रतलात गोल फिरवा. 45 अंशांवर वड्याची कड ध्रुवाला, म्हणजे दिव्याला, टेकते आणि चित्र अनंतापर्यंत पसरतं. 90 अंशांवर पुन्हा वडा, पण आता आतला भाग बाहेर. गिळणं दिसतं ते हेच. दोन सारख्या भागांनी दिव्यापुढची जागा बदलली, एवढंच. पडद्यावर आडव्यातिडव्या रेघा सळसळतात त्यांनाही ‘ऊर्जा’ म्हटलेलं पाहिलं. अहो, ती आज्ञावलीतली चूक आहे. (1 − उंची) शून्याजवळ गेलं की बिंदू हजारो एकक लांब उडतो, आणि शेजारचे बिंदू रेषेने जोडायचा हुकूम तसाच चालू असतो. 20 एककांपलीकडचे तुकडे जोडू नका, रेघा गायब.

‘सुट्या कड्या’: कड्या आहेत, हे कबूल करावंच लागेल. हाइन्झ होप्फने 1931 साली जर्मन गणित-नियतकालिकातल्या लेखात त्या मांडल्या, पण तो दिव्याचा प्रक्षेप नव्हे, वेगळी जोडणी आहे: चार मितींच्या गोलपृष्ठावरून आपल्या नेहमीच्या गोलपृष्ठावर, आणि खालच्या प्रत्येक बिंदूमागे वर एक अख्खं वर्तुळ. पण सुट्या? कुठल्याही दोन कड्या घ्या, साखळीच्या दुव्यांसारख्या एकमेकींत बरोबर एकदा अडकलेल्या असतात. शिवाय मध्ये फट नाही, प्रत्येक बिंदूतून एक कडी जातेच. व्हिडिओत मोजक्याच दिसतात, कारण काढणाऱ्याने मोजक्याच काढल्या. आणि ध्रुवातून जाणारी कडी तर सरळ रेषाच दिसते, तिला मजकूरवाला काय म्हणणार?

‘मिती वाढतील तसा मोठा’: त्रिज्या 1 धरली तर भरीव गोलाने व्यापलेली जागा दोन मितींत 3.142, तीनमध्ये 4.189, चारमध्ये 4.935, पाचमध्ये 5.264, आणि सहामध्ये 5.168. उतरण सुरू. विसाव्या मितीत 0.026. तसंही क्षेत्रफळ आणि घनफळ एका रांगेत मोजणं मला पटत नाही. गोल ज्या खोक्यात चपखल बसतो त्याचा किती भाग व्यापतो ते बघा: चौरसात 78.5 टक्के, घनात 52.4, चार मितींत 30.8, दहा मितींत 0.25.

हा आकडा कामाचाही आहे. गोलपृष्ठावर यादृच्छिक बिंदू हवेत म्हणून पुष्कळ जण खोक्यात बिंदू टाकतात आणि गोलाबाहेरचे फेकून देतात. चार मितींत शंभरातले 31 तरी हाती लागतात, दहा मितींत हजारातले दोन-तीन. न फेकताच सगळे ओढून गोलावर आणले तर खोक्याच्या कोपऱ्यांच्या दिशांना गर्दी होते. त्यापेक्षा प्रसामान्य वितरणातल्या (ज्याचा आलेख घंटेसारखा दिसतो) चार यादृच्छिक संख्या घ्या आणि त्यांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने प्रत्येकीला भागा. तपासायला शेवटचे दोन निर्देशक पुसून कागदावर ठिपके उमटवा. थाळी सगळीकडे सारखी भरायला हवी. कुठे दाटी दिसली तर भागाकार तपासा.