71 नंबरची ट्राम

व्हिएन्नाला जाऊन आलेल्या माझ्या ओळखीच्या बहुतेकांच्या फोनमध्ये एक फोटो हमखास असतो. श्टाटपार्कातला संगीतकार योहान श्ट्राउसचा सोनेरी पुतळा, हनुवटीखाली व्हायोलिन, आणि पुढ्यात आपली मंडळी ओळीने उभी. टूरची बस तिथे दहा-पंधरा मिनिटं थांबते, मग राजवाडा, मग जेवण, मग पुढचा देश. पुतळा देखणाच आहे, माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. पण ज्या गावात मोझार्ट, बीथोव्हन, शूबर्ट, ब्राम्स असे थोर संगीतकार राहिले आणि तिथल्याच मातीत गेले, त्या गावाला अर्ध्या दिवसात उरकून यावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून ही एवढी मोठी पोस्ट.

मे महिन्याच्या सुरुवातीला भाचीकडे गेले होते. ती तिथे शिकते. तिला आधीच सांगून ठेवलं होतं, एक अख्खा दिवस मला संगीतकारांच्या थडग्यांसाठी हवा. ती म्हणाली, "मावशी, सुट्टीत कोणी स्मशानं बघायला येतं का गं?"

मी मिरजेची. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर आमच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसाच्या वेळी दरवर्षी मोठमोठे गवई तिथे येऊन गातात. आईच्या मांडीवर पेंगत मी ते गाणं ऐकलेलं आहे. त्यामुळे गवयाच्या कबरीपाशी जाणं म्हणजे सुतकी काहीतरी, असं मला कधी वाटलंच नाही.

सकाळी 71 नंबरची ट्राम पकडली. कोणी वारलं की व्हिएन्नाचे लोक म्हणतात, तो 71 ने गेला. कारण ही ट्राम गावाच्या मोठ्या दफनभूमीपर्यंत जाते. पण आम्ही आधी वाटेतच सेंट मार्क्सला उतरलो.

सेंट मार्क्सची दफनभूमी 1874 मध्ये बंद झाली. आता ती बागच आहे. आम्ही गेलो तेव्हा लायलॅक फुलला होता, जांभळा आणि पांढरा, आणि झुडपं इतकी वाढलेली की मधली थडगी वाकून शोधावी लागत होती. इथे 6 डिसेंबर 1791 च्या सुमाराला कुठेतरी मोझार्टला पुरलं. कुठे, ते नक्की कोणालाच ठाऊक नाही. त्याला भिकाऱ्यासारखं खड्ड्यात टाकलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरं नाही, आणि हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. सम्राट दुसऱ्या जोसेफने अंत्यविधीचा थाटमाट कमी करायचे नियम केले होते. साधी कबर, वर दगड नाही, आणि काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्या कोणासाठी वापरायची. व्हिएन्नातल्या बहुतेक मध्यमवर्गीयांना तेव्हा असंच पुरत. मोझार्टलाही तसंच पुरलं. 1855 मध्ये अंदाजाने एक जागा ठरवली गेली. आज तिथे एक तुटका खांब आहे आणि त्याला टेकून कपाळाला हात लावलेला लहानगा देवदूत. आम्ही दोघी बराच वेळ तिथल्या बाकावर बसलो. भाची त्यानंतर स्मशान हा शब्द बोलली नाही.

मग पुन्हा 71, आणि दोन नंबरचं गेट. ही मध्यवर्ती दफनभूमी 1874 ची. जवळजवळ अडीच चौरस किलोमीटर, आतून बस फिरते, झाडीत हरणं आहेत. सुरुवातीला लोकांना ही जागा आवडत नव्हती, गावापासून फार लांब पडायची. तेव्हा नगरपालिकेने ठरवलं की थोरामोठ्यांच्या मानाच्या कबरी इथे करायच्या. म्हणून 1888 मध्ये बीथोव्हन आणि शूबर्ट यांचे अवशेष वेरिंग नावाच्या उपनगरातून काढून इथे आणले. 32 अ या विभागात मधोमध मोझार्टचं स्मारक, एका बाजूला बीथोव्हन, दुसऱ्या बाजूला शूबर्ट. मोझार्टच्या खाली कोणीही नाही. ते स्मारक सेंट मार्क्सहून त्याच्या शंभराव्या पुण्यतिथीला, 1891 मध्ये उचलून आणलेलं.

खरं सांगते, तिथे मान आपोआप झुकते, पण मला ती मांडणी वाटली. चौथरा आखून, पाहुणे बोलावून बसवल्यासारखी. अपवाद ब्राम्स आणि श्ट्राउसचा. ते शेजारी शेजारी आहेत आणि आयुष्यातही मित्र होते. श्ट्राउसच्या घरातल्या एका हातपंख्यावर ब्राम्सने श्ट्राउसच्याच 'ब्लू डॅन्यूब' या वॉल्ट्झचे, म्हणजे नाचाच्या संगीताचे, सूर लिहून खाली लिहिलं होतं, दुर्दैवाने हे ब्राम्सचं नाही. ब्राम्सच्या थडग्यावर तो डोकं हाताला टेकून विचारात बसलाय. मला वाटलं, शेजारून वॉल्ट्झ ऐकू येत असावं.

गावात परतून बुर्गगार्टनमधला मोझार्टचा पुतळा बघितला, पुढे फुलांचं केलेलं ट्रेबल क्लेफ, म्हणजे पाश्चात्य स्वरलिपीतलं चिन्ह, सगळे फोटो काढत होते. पाच मिनिटं पुरतात.

संध्याकाळी वेरिंगला गेलो. माझ्यासाठी अख्खा दिवस या जागेसाठी होता. बीथोव्हन मार्च 1827 मध्ये गेला तेव्हा अंत्ययात्रेत मशाल धरून चालणाऱ्यांमध्ये तीस वर्षांचा शूबर्ट होता. दीड वर्षाने तोही गेला, एकतिसाव्या वर्षी. शेवटच्या तापात तो काहीतरी बरळत होता, इथे बीथोव्हन नाही, असं. भाऊ फर्डिनांडने त्याचा अर्थ लावला, याला बीथोव्हनजवळ राहायचंय. आणि तेवढ्यासाठी त्याला वेरिंगच्या दफनभूमीत आणलं. एका तापातल्या वाक्यावर भावाने केलेली ही गोष्ट मला कुठल्याही मानाच्या कबरीपेक्षा मोठी वाटते. नगरपालिकेने त्यांना पुढे एकत्रच हलवलं, हे बरं झालं. पण ती जवळीक मुळात घडली ती इथे.

ती दफनभूमी 1925 पासून शूबर्ट पार्क आहे. घसरगुंडी आहे, चेंडू खेळायची जागा आहे, आणि भिंतीला लागून दोघांचे मूळ दगड तसेच उभे. शूबर्टच्या दगडावर कवी ग्रिलपार्त्सरने लिहिलेली ओळ आहे. संगीताने इथे मोठं धन पुरलं, पण त्याहूनही सुंदर आशा पुरल्या. भाचीने ती जर्मनमधून हळूहळू वाचून मला सांगितली. मागे मुलं ओरडत खेळत होती. मिरजेत दर्ग्याच्या आवारात आम्हीही असेच खेळायचो.

आता ते दोघे तिथे नाहीत, म्हणून लोक येत नाहीत. आम्ही होतो तेवढ्या वेळात कोणी पर्यटक फिरकला नाही. गाईडलोकांनी यादीत ही जागा घालावी असं मला पोटतिडकीने वाटतं. गावातल्या शॉटनटोर स्टेशनहून 40 किंवा 41 नंबरची ट्राम वेरिंगर श्ट्रास या रस्त्याने जाते, बागेजवळच उतरता येतं.

आणि मोठ्या दफनभूमीच्या गेटबाहेर फुलं विकायला असतात, तिथून दोन गुच्छ जास्तीचे घ्या. 32 अ मध्ये भरपूर फुलं होती. वेरिंगच्या दगडांपाशी एकही नव्हतं, आणि आमचेही हात तेव्हा रिकामे होते.