निवेदनाचा फोटो पुरे, आता कलमाचा मजकूर द्या

मुंबईतल्या व्यापारी मंडळांच्या आणि चेंबरच्या पदाधिकाऱ्यांसाठी लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण कार्यकारिणीच्या बैठकीआधी एकदा वाचाच.

मंत्र्यांना निवेदन दिलं, फोटो निघाला, ग्रुपवर ‘साहेबांनी सकारात्मक प्रतिसाद दिला’ असं पडलं. पुढे त्या कागदाचं काय होतं? त्यावर शेरा पडतो, तो विभागाच्या टपालात नोंदला जातो आणि एका कार्यासनावर येतो. तिथल्या कक्ष अधिकाऱ्याला त्यावर टिपणी लिहायची असते. ‘व्यापाऱ्यांवरील अन्याय त्वरित दूर करावा’ एवढ्या वाक्यावर तो काय टिपणी लिहिणार? कायदा कुठला, कलम कुठलं, कुठले शब्द काढायचे आणि त्या जागी कुठले घालायचे, हे लिहिलेलं नसेल तर कागद ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ दुसऱ्या टेबलावर जातो आणि तिथेच राहतो. त्या अधिकाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात आपण काही दिलेलंच नसतं.

दुसरी चूक वेळेची. २०२२ चं २५ किलोचं प्रकरण आठवा. तोवर धान्य, डाळी, पीठ यांवर जीएसटी होता तो नोंदणीकृत ब्रँडच्या मालावर. सवलती कमी करण्याची शिफारस मंत्रिगटाच्या अहवालात आली आणि २८-२९ जूनला चंडीगडच्या ४७व्या बैठकीत जीएसटी परिषदेने ती स्वीकारली. १३ जुलैला अधिसूचना, १८ जुलैपासून अंमल. पॅकबंद आणि लेबल लावलेल्या मालावर ५ टक्के. देशभर व्यापाऱ्यांनी विरोध केला, बंद पाळले, पण तोवर अधिसूचना निघून गेली होती. करासाठी ‘पॅकबंद’ कशाला म्हणायचं ही व्याख्या वैधमापन (वजन-मापांच्या) कायद्याला जोडलेली होती आणि त्याच्या २०११ च्या पॅकबंद वस्तू नियमांत २५ किलोवरची पॅकिंग वगळलेली होती. मग बाजारात २६ आणि ३० किलोच्या गोण्या आल्या. म्हणजे ज्याला परवडतं तो मोठी गोणी घेऊन सुटला, आणि कर बसला पाच-दहा किलोची पिशवी नेणाऱ्या गिऱ्हाइकावर. हा मुद्दा मंत्रिगट बसला होता तेव्हाच आकड्यांसह मांडायला हवा होता. परिषदेत राज्याचा प्रतिनिधी बसतो, त्यामुळे मुंबईच्या संघटनेसाठी असा मुद्दा मांडायचं पहिलं दार माझगावच्या जीएसटी भवनात आणि मंत्रालयातल्या वित्त विभागात आहे, दिल्लीत नंतर.

राज्याच्या नियमांचंही तेच. कायदा विधिमंडळात होतो, पण दुकानदाराला रोज छळतात किंवा सोडवतात ते नियम, आणि नियम बहुतेक वेळा आधी मसुदा म्हणून राजपत्रात येतात. ‘हरकती व सूचना’ मागवणारी ती अधिसूचना नीट वाचा. कुणाच्या नावे, कुठल्या पत्त्यावर आणि कुठल्या तारखेआधी पाठवायचं, हे त्यातच असतं. तारीख टळली की तुमची हरकत विचारात घ्यायचं बंधन उरत नाही. केंद्रानेही २०१४ मध्ये ठरवलं आहे की विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. दर वेळी तसं होत नाही, पण होतं तेव्हा आपल्याकडून काय जातं? ‘विरोध’ असं एका ओळीचं पत्र. म्हणून प्रत्येक मंडळाने एका माणसाला आठवड्यातून एकदा राजपत्र, शासन निर्णयांचं संकेतस्थळ आणि पालिकेच्या जाहीर सूचना चाळायचं काम नेमून द्यावं. तासाभराचं काम आहे.

हरकत लिहायची कशी? दोन पानांत. डावीकडे मसुद्यातला नियम क्रमांकासह जसाच्या तसा, उजवीकडे आपण सुचवलेला मजकूर. खाली कारण: रुपयांत किती बोजा, महिन्याला किती तास, आणि किती सभासदांना. एका पत्रात एकच नियम, कारण दहा मागण्या एकत्र गेल्या तर त्या चार विभागांत वाटल्या जातात आणि उत्तर एकाचंच येतं, तेही ‘आमच्याशी संबंधित नाही’ असं. राज्याला मराठीत लिहा. प्रत हाती दिली तर टपाल शाखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. ईमेलने पाठवली तर पोच मागवून जपून ठेवा.

महिनाभराने पाठपुरावा करताना तोच क्रमांक लागतो. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात त्या पत्रावरच्या टिपणीची प्रत मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि आपल्या राज्यात अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, ती ओलांडली की अर्ज परत येऊ शकतो. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

कोर्टात जाण्याबद्दलही बोलायला हवं. दुकानांवरच्या मराठी पाट्यांच्या सक्तीविरुद्ध व्यापाऱ्यांची एक संघटना उच्च न्यायालयात गेली. २०२२ मध्ये याचिका २५,००० रुपये खर्चासह फेटाळली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटल्यावर खर्च करण्यापेक्षा पाट्यांवर करा असं सुनावून पाट्या लावायला दोन महिने दिले. आता पाटी मराठीत असावी याला मुंबईत व्यापार करणाऱ्याने विरोध का करावा हेच मला कळत नाही. पण खरी अडचण असेल, म्हणजे पाटी बनवायला वेळ, छोट्या गाळ्याला खर्च, तर ती मुदत वाढवून मागण्याची गोष्ट होती. तिथे तत्त्वाचा झगडा उभा केला आणि संघटनेची पत गेली.

या सगळ्यासाठी लागणारे आकडे येणार कुठून? सभासदांकडून. म्हणून मला कॅलेंडर, डायरी आणि स्नेहसंमेलनापेक्षा सभासदांची नोंदवही महत्त्वाची वाटते. बहुतेक मंडळांकडे नाव, दुकान आणि मोबाइल एवढंच असतं. त्यात धंद्याचा प्रकार, कामगार किती, गाळा मालकीचा की पागडीचा, उलाढालीचा ढोबळ टप्पा, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची केंद्राकडची नोंदणी) आहे का आणि मतदारसंघ कुठला, एवढं तरी घ्या. मतदारसंघ अशासाठी की मग ‘तुमच्या भागात आमचे इतके दुकानदार आहेत’ हे आमदारासमोर ठेवता येतं. दरवर्षी वर्गणी घेतानाच फॉर्म भरून घेतला तर वेगळी मोहीम लागत नाही. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा: पुढचे भाव, मार्जिन, सवलत यांची माहिती गोळा करू नका आणि बैठकीत त्यावर बोलू नका. स्पर्धा रोखणाऱ्या संगनमताला बंदी घालणाऱ्या स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ खाली संघटनाही सापडतात. औषधविक्रेत्यांच्या संघटनांविरुद्ध स्पर्धा आयोगाने असे आदेश दिलेले आहेत.

सभासदाला परत काय द्यायचं? त्याच्या धंद्याला लागू असलेल्या तारखा. काटा इलेक्ट्रॉनिक असेल तर फेरपडताळणी १२ महिन्यांनी, वजनांची २४ महिन्यांनी. जिथे अग्निसुरक्षा यंत्रणा आहे तिथे ती चालू स्थितीत असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, जानेवारी आणि जुलैत. ही माहिती ज्याची त्याला, आठवडाभर आधी.

आणि चुकीची समजूत दूर करणं हेही मंडळाचंच काम. उधारीचं उदाहरण घ्या. ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा नियम एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात २००६ पासून आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवस. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३बी(एच) आलं, म्हणजे ही मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळेना, तेव्हा उद्यम काढलेल्या कापड व्यापाऱ्यांना वाटलं, आता आपलीही वसुली होईल. पण जुलै २०२१ मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यममध्ये घेतलं ते फक्त बँकांच्या प्राधान्यक्षेत्र कर्जासाठी. मंगलदास मार्केटमधल्या घाऊक व्यापाऱ्याला त्या कलमाचा आधार नाही, मध्यम उद्योगालाही नाही; सूक्ष्म आणि लघु उत्पादक किंवा सेवा देणारा असेल तरच. हे बदलायचं असेल तर पत्र केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाला जायला हवं. राज्याच्या उद्योगमंत्र्यांना दहा निवेदनं दिली तरी त्यांच्या हातात ते नाही.

राहिला आमदारांचा विषय. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपूरला. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात उत्तर देतात ते, आगाऊ द्यावे लागतात, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. पक्ष न बघता दोन-तीन आमदारांना तीन ओळींचा तयार प्रश्न द्या: किती अर्ज प्रलंबित, किती दिवस, कारण काय. सभागृहात आलेल्या लेखी उत्तराची प्रत पुढच्या हरकतीला जोडा. खात्याने स्वतः दिलेला आकडा खात्याला नाकारता येत नाही.