धीर धरा म्हणणाऱ्यांनी तीन वचने वर वाचावीत

मावशीच्या घरी अल्तारीजवळ, म्हणजे घरातल्या प्रार्थनेच्या वेदीजवळ, दुधाच्या पावडरचा एक जुना डबा असतो. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार आठवडे, लागला की संध्याकाळच्या भाताला तांदूळ घेताना ती एक मूठ त्या डब्यात टाकते. चौथ्या रविवारी डबा चर्चमध्ये जातो आणि तिथून तांदूळ वीटभट्टीवरच्या कुटुंबांकडे. मी लहान असल्यापासून हे बघत आले आहे. परवा गेले तर डबा रिकामा. तांदूळ तिने पुन्हा पिंपात ओतले होते. "आपले फादर आता राजकारण करायला लागले," एवढंच म्हणाली आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

'आगमनकाळ वाचवा' नावाचा तो मेसेज वसईतल्या बहुतेक कुटुंबांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात पाच गोष्टी आहेत: आगमनकाळ फक्त प्रार्थनेचा आणि धीर धरण्याचा, याकोब 5:7. 'सामाजिक न्याय' हा कम्युनिस्टांचा शब्द. पोप बेनेडिक्ट यांनी चर्चमधली असली सामाजिक न्यायाची कामं बंद केली होती. गरिबाला दान द्या, पण मालकाकडे हिशोब मागणे हे राजकारण. आणि अशा कामामुळे आपल्यावर धर्मांतराचे आरोप होतील, म्हणून गप्प राहा. मावशी सत्तर वर्षं मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवत नाही. तिला बायबलचा दाखला देऊन फसवलं, याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

आधी तो दाखलाच बघू. याकोबाच्या पत्रातलं 5:7 हे वचन खरंच आगमनकाळातलं आहे. तीन वर्षांच्या वाचनचक्रात 'अ' वर्षी तिसऱ्या रविवारी ते वाचतात: प्रभू येईपर्यंत धीर धरा, शेतकरी पावसाची वाट बघतो तसा. पण बायबल उघडा आणि फक्त तीन वचने वर जा. 5:4 मध्ये याकोब धनवानांना सांगतो की तुमच्या शेतांची कापणी करणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवलीत ती ओरडते आहे, आणि त्या कामकऱ्यांचा आक्रोश प्रभूच्या कानी पोचला आहे. धीर धरा हे ज्यांची मजुरी बुडाली त्यांना दिलेलं धैर्य आहे. तेच वचन उचलून मजुरी बुडवणाऱ्याच्या सोयीसाठी वापरायचं, हे ज्याने केलं त्याने एकतर पान पूर्ण वाचलं नाही किंवा मुद्दाम झाकून ठेवलं.

आता हिशोबाचा मुद्दा. सगळ्यात घातक हाच आहे, कारण मावशीचा डबा याच्यामुळे रिकामा झाला. आमच्या फादरांनी यंदा केलं काय? तांदळाबरोबर भट्टीवर जाणाऱ्या पोरांना सांगितलं की प्रत्येक कुटुंबाला एक वही द्या, आणि उचल किती, खर्ची किती, विटा किती पडल्या हे त्यांना लिहायला मदत करा. बस, एवढंच.

ज्यांनी भट्टी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पावसाळ्यात पाड्यावर काम नसतं, घरात दाणा नसतो, तेव्हा कातकरी कुटुंब मालकाकडून उचल घेतं आणि दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन भट्टीवर येतं. मजुरी हजार विटांमागे ठरते, पण हातात रोख येते ती आठवड्याची खर्ची, जेमतेम बाजाराला पुरेल इतकी. खरा हिशोब होतो पावसाच्या तोंडावर, मालकाच्या वहीतून. मजुराकडे वहीच नसते. त्यात चिखल तुडवणारे दोघं आणि नाव मात्र नवऱ्याचं. मग 'अजून तुझ्याकडेच निघतात' असं ऐकून माणूस पुढच्या वर्षासाठी पुन्हा बांधला जातो. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी या देशात बंद झाली आहे. एक वही मागणं हे राजकारण कसं होतं?

आणि आगमनकाळाचं म्हणाल तर 'क' वर्षी तिसऱ्या रविवारचं शुभवर्तमान काढा, लूक 3:10 पासून. लोक योहान बाप्तिस्ताला विचारतात, आम्ही काय करावं? तो दोन अंगरखे असलेल्याला सांगतो की एक नसलेल्याला दे. हे झालं दान. पण योहान तिथे थांबत नाही. जकातदारांना म्हणतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणतो, कुणाकडून जुलमाने पैसे काढू नका. हा हिशोबच आहे. पवित्र मरियेचं स्तोत्र तर 22 डिसेंबरच्या मिस्सेत वाचतात आणि धर्मगुरू रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत म्हणतात: भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केलं, धनवानांना रिकाम्या हाताने लावून दिलं. मावशीला ते तोंडपाठ आहे.

'कम्युनिस्टांचा शब्द' यावर फार वेळ घालवत नाही. हा शब्द 1840 च्या दशकात रुळवला तो तापारेल्ली नावाच्या इटालियन जेझुइट धर्मगुरूने. कम्युनिस्ट जाहीरनामा आला 1848 मध्ये. पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या परिपत्रकात समाजवाद नाकारला, आणि त्याच परिपत्रकात लिहिलं की गरजेपोटी किंवा आणखी वाईटाच्या भीतीने मजुराने कठोर अटी मान्य केल्या तर तो जबरदस्तीचा आणि अन्यायाचा बळी ठरतो. उचलीचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

पोप बेनेडिक्ट यांच्याबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य करते. पोप होण्याआधी, 1984 मध्ये, त्यांच्या सहीने निघालेल्या पत्रकात मुक्तीच्या धर्मविचारातल्या (गरिबांची अन्यायातून सुटका मध्यभागी ठेवणारा ख्रिस्ती विचार) मार्क्सवादी मांडणीविरुद्ध इशारा होता. पण त्याच पत्रकाच्या सुरुवातीला बजावलं आहे की दारिद्र्य आणि अन्याय बघून तटस्थ बसणाऱ्यांनी हा इशारा सबब म्हणून वापरू नये. मेसेजवाल्याने नेमकं तेच केलं. पुढे पोप म्हणून त्यांनी पहिलं परिपत्रक काढलं, तारीख 25 डिसेंबर 2005. त्याच्या 28 व्या परिच्छेदात आहे की राजकीय लढाई चर्चने स्वतःच्या हातात घेऊ नये, आणि लगेच पुढे, न्यायाच्या लढ्यात चर्चने बाजूला उभं राहता कामा नये. पहिलं वाक्य घ्यायचं आणि दुसरं टाकायचं, असं चालत नाही. काही प्रवचनं सभेतल्या भाषणासारखी होतात, तेव्हा मलाही बरं वाटत नाही, हेही सांगून टाकते.

भीतीचं मात्र मी हलक्यात घेणार नाही. आरोप होतात, त्रास होतो, आणि घाबरणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण वहीत विटांचा आकडा लिहिल्याने कुणाचा धर्म बदलत नाही. शिवाय वसईला हे नवीन नाही. वसईची हिरवाई आणि पाणी वाचवण्याच्या हरित वसई आंदोलनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले तेव्हा प्रश्न आपल्या वाड्यांचा आणि आपल्या विहिरींचा होता. आता तो कातकऱ्याच्या मजुरीचा आहे, म्हणून तो राजकारण झाला का?

हे सगळं मावशीला मी बायबल पुढ्यात ठेवून वाचून दाखवलं. याकोब 5:4 तिने दोनदा वाचायला लावलं. मेसेजबद्दल ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग त्या बायांचं नाव वहीत लिहितात का गं तुमची पोरं, की तिथंही नवऱ्याचंच?"

मला उत्तर माहीत नव्हतं. शनिवारी पोरांबरोबर जाऊन बघायचं ठरवलंय.