पालकांना दोषी ठरवून मुलांचं वजन उतरत नाही

मुलांच्या लठ्ठपणाबद्दलचा एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर सतत फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच: मूल लठ्ठ असेल तर दोष आईवडिलांचा. जनुकं वगैरे सगळे बहाणे. पालकांनी खाण्यावर कडक पहारा ठेवावा, गोड पूर्ण बंद करावं, ताट साफ केल्याशिवाय उठू देऊ नये आणि वजनाबद्दल मुलाला स्पष्ट सुनवावं, म्हणजे चार महिन्यांत फरक पडतो. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना मुलांची काळजी वाटते, याबद्दल मला शंका नाही. पण त्यातले बहुतेक उपाय उलटे पडणारे आहेत, आणि ते उलटतात मुलावरच. म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

आधी "जनुकं हा बहाणा" हे वाक्य. ब्रिटनमधल्या 8 ते 11 वर्षांच्या जुळ्यांच्या 5 हजारांहून अधिक जोड्यांचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलामुलांच्या बीएमआयमध्ये, म्हणजे उंचीच्या मानानं असलेल्या वजनात, जो फरक दिसतो त्यातला 77 टक्के फरक आनुवंशिक आहे, असं त्यात निघालं. मुलाचं वजन जन्मतःच ठरलेलं असतं, असा याचा अर्थ नाही. सारख्या वातावरणात वाढणाऱ्या मुलांपैकी कोणाचं वजन चटकन वाढेल आणि कोणाचं नाही, हे बरंचसं जनुकांवर अवलंबून असतं, एवढंच. ही जनुकं मोठ्या प्रमाणात भूक आणि तृप्ती यांच्यामार्फत काम करतात. एका मुलाला थोडं खाल्लं की पोट भरल्याचं कळतं, दुसऱ्याला ते उशिरा कळतं. एकाला समोरचा खाऊ दिसतही नाही, दुसऱ्याला तो दिसला की राहवत नाही. एकाच घरात, एकाच स्वयंपाकावर वाढलेली एक सडपातळ आणि एक स्थूल अशी भावंडं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. त्यांची आई एका मुलापुरती दक्ष आणि दुसऱ्यापुरती बेफिकीर असते का?

आता "दोष पालकांचाच". जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार 5 ते 19 वयोगटात लठ्ठपणाचं प्रमाण 1990 मध्ये 2 टक्के होतं, ते 2022 मध्ये 8 टक्के झालं. त्या वर्षी या वयातल्या 39 कोटींहून अधिक मुलांचं वजन प्रमाणाबाहेर होतं आणि त्यांतली 16 कोटी लठ्ठ होती. या 32 वर्षांत माणसाची जनुकं बदललेली नाहीत, आणि जगभरचे आईबाप एकाच वेळी आळशी झाले असंही कोणी म्हणू शकणार नाही. बदललं ते भोवतालचं जग: पाकीटबंद खाणं आणि गोड पेयं जागोजागी मिळू लागली, त्यांच्या जाहिराती थेट मुलांना उद्देशून होऊ लागल्या, खेळण्याची जागा आणि झोपेचे तास कमी झाले. चिलीनं 2016 मध्ये साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक जास्त असलेल्या पाकिटांवर समोरच काळा इशारा छापणं सक्तीचं केलं आणि अशा पदार्थांच्या वेष्टनांवरून मुलांना भुलवणारी कार्टून काढायला लावली. हे काम कुठल्याही आईला एकटीला स्वयंपाकघरातून करता आलं नसतं.

मग पालकांच्या हातात काहीच नाही का? भरपूर आहे, आणि या मजकुराचा मला राग येतो तो इथेच. पालकांची खरी ताकद जिथे आहे तिकडे तो बघत नाही आणि नको त्या जागी त्यांना जोर लावायला सांगतो.

इस्रायलमध्ये 6 ते 11 वर्षांच्या 60 लठ्ठ मुलांवर झालेला एक प्रयोग 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात उपचार थेट मुलांवर केले, दुसऱ्या गटात मुलांना न बोलावता फक्त पालकांना शिकवलं. वजनातली घट पालकांच्या गटातल्या मुलांमध्ये जास्त दिसली. म्हणजे पालक बदलले की मूल बदलतं, हे खरंच आहे. पण बदलायचं काय? घरात काय आणायचं, जेवणाच्या वेळा कोणत्या, टीव्ही बंद करून सगळे एकत्र बसतात की नाही, आईबाबा स्वतः काय खातात. मुलाच्या तोंडाजवळ उभं राहून घास मोजणं यात येत नाही.

कडक पहाऱ्याचं काय होतं, ते अमेरिकेतल्या लीन बर्च आणि जेनिफर फिशर यांनी 1999 मध्ये दाखवलं. लहान मुलांना एकसारख्याच दोन खाऊंपैकी एक मोकळेपणानं मिळायचा. दुसरा डोळ्यांसमोर असायचा, पण ठरावीक वेळेपुरताच हाताला लागायचा. मुलांचं सगळं लक्ष त्या अडवलेल्या खाऊकडे लागलं: त्याबद्दल बोलणं, तोच मागणं, मिळाला की त्यावर तुटून पडणं. फडताळात वरच्या खणात लपवलेला डबा नेमकं हेच करतो. त्यामुळे रोज घरात नको असलेली वस्तू आणूच नये. आणून तिच्यावर बंदी घालण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. अधूनमधून, सणावाराला सगळ्यांसोबत गोड खाल्लं, तर ते शांतपणे खाऊ द्यावं. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा वरून घातलेली साखर शून्यावर आणा म्हणत नाही. ती दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, 5 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, असं म्हणते. सुरुवात करायची तर गोड पेयांपासून करावी, कारण त्यांतून साखर भरपूर जाते आणि पोट मात्र भरत नाही.

"ताट साफ केल्याशिवाय उठायचं नाही" हा नियम तर थेट वजन वाढवण्याच्या दिशेनं जातो. पोट भरल्याची जी जाणीव स्थूल मुलात आधीच मंद असू शकते, तिच्याकडे दुर्लक्ष करायला आपण त्याला शिकवतो. शिवाय बळजबरीनं आवड लागत नाही. 2006 च्या एका प्रयोगात मुलांना सूप संपवण्याचा आग्रह वारंवार केला, तेव्हा ती आग्रहाविना खातात त्याहून कमी प्याली आणि त्याबद्दल वाईट बोलली. "भाजी संपव, मग गोड देते" या सौद्यातही भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस, एवढंच मुलाच्या मनात ठसतं. नवी चव रुळायला 8 ते 15 वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा, ती समोर यावी लागते. थोडीशी वाढायची, आपण खायची, आणि मुलानं नाही म्हटलं तर विषय सोडून द्यायचा. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली कामाची वाटणी मला सगळ्यात पटते: काय, केव्हा आणि कुठे हे पालकांनी ठरवायचं, किती, आणि खायचं की नाही, हे मुलानं.

सुनावण्याबद्दल मला मवाळ बोलता येणार नाही. घरच्यांनी वजनावरून टोचलेलं मूल बारीक होत नाही. ते लपून खायला लागतं, खेळायला जायचं टाळतं, आणि पुढे एका बैठकीत बेसुमार खाण्याचा धोका त्याच्यात वाढतो. "सगळं त्याच्या भल्यासाठीच" म्हणून हे होऊ देऊ नये. अडचण उलट दिशेनंही आहे, हे मान्य. 69 अभ्यासांच्या 2014 मधल्या एकत्रित विश्लेषणात असं दिसलं की, जास्त वजनाच्या मुलांच्या निम्म्या पालकांना ते वजन आहे त्यापेक्षा कमी वाटतं. त्यावर उपाय मुलाला आरशासमोर उभं करणं हा नव्हे. डॉक्टरांकडे वाढीचा आलेख असतो. तो पालकांनी पाहावा, मुलाच्या देखत त्यावर चर्चा न करता.

राहिले ते "चार महिने". वाढत्या वयात पुष्कळदा वजन उतरवायचंच नसतं. ते स्थिर ठेवलं आणि उंची वाढत राहिली, की बीएमआय आपोआप खाली येतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2023 ची मार्गदर्शक तत्त्वं 3 ते 12 महिन्यांत किमान 26 तासांचं, संपूर्ण कुटुंबाला सोबत घेऊन केलेलं मार्गदर्शन सुचवतात. एवढा आधार लागणारं काम एका रागावलेल्या बापावर आणि अपराधी वाटणाऱ्या आईवर सोपवून चालणार नाही. आणि काही खुणा दिसल्या तर आहाराचे प्रयोग करत न बसता आधी डॉक्टर गाठावेत: मूल झोपेत जोरात घोरतं, त्याच्या मानेची किंवा काखेतली त्वचा काळपट आणि जाड झाली आहे, किंवा वजन वाढतंय पण उंची थांबली आहे. शेवटच्या खुणेमागे थायरॉइडसारखा आजार असू शकतो.