मेंदूच्या आजारावरची पीएचडी तालुक्याच्या कॉलेजातही होते

प्राध्यापकांच्या आणि एम.एस्सी. झालेल्या मुलामुलींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातोय. थोडक्यात तो असा: मेंदूच्या आजारावर बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करायची तर पुणे-मुंबई किंवा बंगळुरू गाठा. विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजात कोट्यवधींची यंत्रं नाहीत, प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी मिळत नाही, रुग्ण नाहीत, आणि कुलगुरू बदलले की फाईल अडकते. म्हणून इथली पदवी कागदी. हे वाचून साकोलीची किंवा आरमोरीची एखादी हुशार मुलगी अर्जच भरणार नसेल, तर नुकसान फक्त तिचं नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी यंत्रं. एक इथलंच उदाहरण घेऊ. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, धान कापायच्या आधी बांधीतल्या (धानाच्या शेतातल्या) ओलीवर लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, फेकतात. तिच्या दाण्यात बीटा-ओडॅप हे अमिनो आम्ल असतं. टंचाईत दोन-तीन महिने लाखोळी हेच मुख्य अन्न झालं, तर काही माणसांचे, त्यातही तरुण पुरुषांचे, पाय कायमचे ताठरतात. हा न्यूरोलॅथिरिझम. ओडॅप चेतापेशींवरच्या ग्राहींना, म्हणजे ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन जिथे जोडलं जातं त्या जागांना, उत्तेजित करत राहतं आणि पेशी त्या ताणाने मरतात. १९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. १९६४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, अडिगा आणि सर्मा यांनी हे विष वेगळं काढलं, आणि १९७८ मध्ये राव यांनी ते मोजायची रंगमापन पद्धत दिली. ही पद्धत आजही वापरात आहे, आणि तिला लागणारं बरंचसं सामान बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत असतं.

दाण्याचं पीठ ६० टक्के इथेनॉलमध्ये हलवत ठेवायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचा द्राव घ्यायचा. त्यात ३ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून नळी उकळत्या पाण्यात ३० मिनिटं ठेवायची. ऑक्झॅलिल गट तुटतो आणि डायअमिनोप्रोपिऑनिक आम्ल उरतं. थंड झाल्यावर ऑर्थो-थॅलाल्डिहाइड आणि मर्कॅप्टोइथेनॉल घातलेला पीएच ९.९ चा बोरेट बफर टाकला की पिवळा रंग येतो. तो ४२० नॅनोमीटरवर वाचायचा. इतर अमिनो आम्लांची याच अभिकर्मकाशी होणारी संयुगं ३४० च्या आसपास प्रकाश शोषतात, त्यामुळे ती फारशी आड येत नाहीत. तरीही न उकळलेल्या अर्काचा ब्लँक (उत्तरातून वजा करायचं वाचन) प्रत्येक नमुन्याला वेगळा लावावा लागतो. सगळ्यांना मिळून एकच ब्लँक लावला की आकडे फुगतात. मोजायला साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो.

चुका होतात त्या यंत्रामुळे नाहीत. तुलनेसाठीचं प्रमाणद्रव्य म्हणून बाजारात मिळतं ते बहुधा डायअमिनोप्रोपिऑनिक आम्लाचं हायड्रोक्लोराइड. त्याचा रेणूभार १४०.६, ओडॅपचा १७६.१. म्हणजे १० मिलिग्रॅम हायड्रोक्लोराइड हे साडेबारा मिलिग्रॅम ओडॅपच्या बरोबरीचं. हा गुणाकार राहिला की प्रत्येक उत्तर २० टक्क्यांनी कमी येतं, आणि ०.२ टक्के ओडॅपचं वाण कागदावर ०.१६ चं दिसतं. दुसरी चूक उन्हाळ्यातली. बंद न केलेल्या नळीतलं इथेनॉल मे महिन्यात भराभर उडतं, अर्क घट्ट होतो आणि वाचन चढं येतं. शेवटी पुन्हा ठरलेल्या आकारमानापर्यंत भरून घेणं हाच उपाय.

मोठं यंत्र खरोखर कुठे लागतं, तेही सांगायला हवं. शिजवताना बीटा-ओडॅपचा काही भाग अल्फा रूपात जातो. ते निरुपद्रवी मानलं जातं, पण रंगमापनाला दोन्ही सारखेच दिसतात. शिजवलेल्या डाळीचा प्रश्न असेल तर एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्रच हवं. मात्र ते शेवटच्या टप्प्यावर, मोजक्या नमुन्यांसाठी. आय-स्टेम पोर्टलवरून सरकारी खर्चातून घेतलेल्या उपकरणांवर वेळ आरक्षित करता येतो, आयआयटी मुंबईच्या उपकरण केंद्राकडे नमुने पाठवता येतात. उलट, जमिनीतलं जस्त कमी असलं, पिकाला पाण्याचा ताण बसला की ओडॅप वाढतं, आणि कोवळ्या पाल्याची भाजीही लोक खातात. एकाच वाणाचा पाला आणि दाणे वेगवेगळ्या बांध्यांतून, नेमक्या वाढीच्या दिवशी, तोडल्याबरोबर बर्फात घालून आणायचे असतील, तर ते काम मोहाडीत राहणाऱ्यालाच जमतं. बंगळुरूच्या प्रयोगशाळेला ते परवडत नाही.

प्राण्यांबद्दलचा मुद्दा अर्धवट माहितीवर उभा आहे. उंदीर-घुशींवर काम करायला केंद्राच्या सीसीएसईए समितीकडे प्राणीगृहाची नोंदणी आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. ती प्रयोगाआधी लागते, मागाहून घेता येत नाही. आपल्या कॉलेजात प्राणीगृह नसेल तर नोंदणी असलेल्या फार्मसी किंवा मेडिकल कॉलेजाशी करार करून त्यांच्या समितीपुढे प्रस्ताव ठेवता येतो. शिवाय सगळे प्रश्न उंदरावरच सोडवावे लागतात असं नाही. पार्किन्सनच्या अभ्यासात फळमाशीला रोटेनोन हे कीटकनाशक खायला देऊन तिची चढण्याची ताकद मोजतात. माशा उभ्या नळीत घालायच्या, नळी आपटून सगळ्या तळाला आणायच्या आणि १० सेकंदांत किती माशा खुणेच्या वर गेल्या ते मोजायचं. नर-मादी वेगळे, वय सारखं, दिवसाची वेळ तीच. कार्बन डायऑक्साइडने गुंगवलेल्या माशा त्याच दिवशी वापरल्या तर निकाल बिघडतो, एक दिवस जाऊ द्यावा. विदर्भात खरी अडचण तापमानाची. माशीला २५ अंश हवेत. तापमान ३० च्या आसपास टिकून राहिलं की नर नापीक होतात आणि वाण संपतो. त्यामुळे नुसता गरम करणारा इन्क्युबेटर इथे कामाचा नाही, थंडही करणारा बीओडी इन्क्युबेटर आणि त्याला इन्व्हर्टर हवाच. दोन खोल्यांत दोन संच ठेवले तर एक बिघडला तरी काम वाचतं.

‘रुग्ण नाहीत’ हे विधान तर वस्तुस्थितीच्या उलटं आहे. लहान मुलांच्या मेंदूला सूज आणणारा चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूर भागातल्या रुग्णांच्या रक्तात सापडला आणि त्याला नावही इथलंच मिळालं. सिकलसेलमुळे मुलांना येणारा पक्षाघात, क्षयरोगाचा मेनिंजायटिस, बी-१२ च्या कमतरतेचे चेताविकार, हे पूर्व विदर्भाला नवे नाहीत. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजातल्या बायोकेमिस्ट्री विभागाने हत्तीरोग आणि क्षयरोगाच्या निदानावर वर्षानुवर्षं काम केलं, तेही खेड्यातून. कमतरता आहे ती नमुना हाताळण्याच्या शिस्तीची. बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं होमोसिस्टीन मोजायचं असेल तर रक्त बर्फात ठेवून तासाभरात प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. नाहीतर लाल पेशींतून ते झिरपत राहतं आणि आकडा तासाला साधारण १० टक्क्यांनी चढतो. आरोग्य केंद्रातून ४० किलोमीटरवरच्या कॉलेजात नळ्या तशाच आणल्या, तर मोजलेला आकडा रुग्णाचा न राहता रस्त्याचा होतो. छोटा सेंट्रिफ्यूज केंद्रावरच न्यावा, प्लाझ्मा छोट्या भागांत वाटून गोठवावा आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये. मानवी नमुन्यांना आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिकता समितीची मंजुरी लागते. संमतीपत्र मराठीत हवं, आणि गडचिरोलीत गोंडी किंवा माडियात समजावून सांगणारं माणूस सोबत हवं.

आता कुलगुरूंचा मुद्दा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे कुलगुरूंची मुदत पाच वर्षं किंवा वयाची ६५ वर्षं, जे आधी येईल ते, आणि पुनर्नियुक्ती नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला किमान तीन आणि साधारण कमाल सहा वर्षं आहेत. म्हणजे शिकता शिकता कुलगुरू बदलणं ही अनेकांच्या बाबतीत ठरलेलीच गोष्ट, मुंबईतही आणि गडचिरोलीतही. त्याने नोंदणी रद्द होत नाही. पण मजकुरातला एक भाग खरा आहे आणि तो दडवू नये: पद रिकामं किंवा प्रभारी असलं की बैठका लांबतात, परीक्षकांची निवड रखडते, आणि मुलांचं वर्ष जातं. त्यावर उपायही प्रशासकीयच आहे. आरआरसीच्या (संशोधन व मान्यता समितीच्या) तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर कराव्यात. रसायनांच्या खरेदीचे अधिकार ठराविक रकमेपर्यंत विभागाकडे द्यावेत. एन्झाइम आणि किटच्या ऑर्डर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच माल पोचेल अशा काढाव्यात. ३१ मार्चच्या घाईत मागवलेलं किट एप्रिल-मेमध्ये येतं, वाटेत बर्फ संपतो, आणि मग सहा महिने ‘प्रयोग जमत नाही’ म्हणून विद्यार्थी स्वतःला दोष देत बसतो. फ्रीजरला जनरेटरची वेगळी लाईन देणं हा कुलगुरूंच्या एका सहीचा निर्णय आहे.

प्रशासनात गेलं की संशोधन सुटतं, असंही त्या मजकुरात सुचवलं आहे. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांचं काम बघा. म्हैसूर विद्यापीठाची पीएचडी, मग बंगळुरूची निम्हान्स ही मेंदू आणि मानसिक आजारांवरची संस्था, पुढे मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या संस्थापक संचालक. लाखोळीचं विष पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचं कॉम्प्लेक्स-१, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या साखळीतलं पहिलं एन्झाइम, कसं बंद पाडतं, हे दाखवणाऱ्या संशोधनात त्यांचा मोठा वाटा आहे, आणि संस्था उभी करतानाही त्यांची प्रयोगशाळा चालू राहिली.

राहिला ‘कागदी पदवी’चा आरोप. तो घरबसल्या तपासता येतो. प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन भांडारात टाकावे लागतात. तिथे कुठल्याही विद्यापीठाचा प्रबंध उघडा आणि पद्धतीचं प्रकरण वाचा: प्रमाण आलेख छापला आहे का, नमुने किती आणि तेवढेच का, ब्लँक कसा धरला, नैतिकता समितीच्या मंजुरीचा क्रमांक आणि तारीख आहे का, नमुना घेतल्यापासून गोठवेपर्यंत किती वेळ गेला. लाखोळीवरचा प्रबंध असेल, तर प्रमाणद्रव्य शुद्ध आम्ल होतं की हायड्रोक्लोराइड, हेही त्यात लिहिलेलं असायला हवं.