शेरा : प्रयत्न करतात

मला दहापैकी साडेतीन गुण मिळाले. शाळेत मिळाले असते तर प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी दडपता आलं असतं. इथे ते शेकोटीभोवती जमलेल्या साठ मुलांसमोर आणि त्यांच्या आईबापांसमोर कर्ण्यावरून वाचले गेले. गुणांचं एक वेळ सोडा, लागला तो शेरा. ‘शेरा : प्रयत्न करतात.’ आणि हा शेरा देणारी व्यक्ती नऊ वर्षांची होती. पावणेदहा, असं तिनं नंतर मला दुरुस्त करून सांगितलं.

हकीकत थोडक्यात अशी. मुलांचं सुट्टीतलं आठ दिवसांचं मैदानी शिबिर होतं आणि शेवटचे दोन दिवस पालकांनीही येऊन राहायचं होतं. पत्रकात याला ‘पालक-सहवास’ म्हटलं होतं. मला वाटलं, झाडाखाली अंग टाकू, मुलगा काय शिकला ते बघून मान डोलवू, परत येऊ. पोचल्याबरोबर हातात कापडाची गुंडाळी, दहा खुंट्या आणि दोराचं भेंडोळं आलं. प्रत्येक पालकानं आपला तंबू स्वतः उभारायचा, त्याची तपासणी होणार आणि ते गुण आपापल्या मुलाच्या गटात धरले जाणार. ही शेवटची अट पत्रकात नव्हती. मी ते दोन्ही बाजूंनी वाचलं. मागची बाजू कोरी होती.

तंबू उभारायला मला एक तास चाळीस मिनिटं लागली. या काळात मुलगा लांब मैदानाच्या टोकाला आपल्या गटात उभा राहून माझ्याकडे बघत होता. मध्ये एकदा त्यानं हात तिरका करून हलवला, मीही हलवला. थोड्या वेळानं पुन्हा हलवला, मी पुन्हा हलवला. म्हटलं, आठ दिवसांत बापाची आठवण आली असणार. शेवटी तंबू उभा राहिला. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या प्रकारात तो उभा होता ही गोष्ट कुणी जमेलाच धरली नाही.

पाच वाजता तपासनीस आल्या. गळ्यात शिट्टी, हातात पुठ्ठ्याला चिमट्यानं लावलेले कागद, कानामागे पेन्सिल आणि खिशातून डोकावणारा कंपासपेटीतला कोनमापक. मागे दोन मदतनीस होते, वयानं आणखी लहान. त्यातल्या एकाची नेमणूक फक्त ‘हो’ म्हणण्यासाठी झाली असावी.

“काका, तुम्ही बाहेर उभे राहा.”

मी बाहेरच उभा होतो. तरी एक पाऊल मागे सरकलो. माणूस असाच दबतो.

ती पहिल्या खुंटीपाशी उकिडवी बसली, कोनमापक मातीला टेकवला आणि एक डोळा मिटला.

“सत्तर.”

“हो,” मदतनीस म्हणाला.

“सत्तर काय?” मी विचारलं.

“अंश. खुंटी पंचेचाळीसमध्ये पाहिजे, तंबूपासून बाहेर कललेली. तुमची जवळजवळ उभीच आहे. दोर ओढला की निघणार.” तिनं दोर ओढला. खुंटी निघाली.

“अगं, आता तू ओढलास म्हणून...”

“वारा काय विचारून ओढतो?”

यावर मदतनीसही ‘हो’ म्हणायचा थांबून माझ्याकडे उत्तरासाठी बघू लागला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खुंटी उचलून उगाचच पुसली.

पुढे गाठ. तिनं गाठ नखानं उचलून पाहिली, डॉक्टर पापणी उचलून बघतात तशी. “ही ग्रॅनी नॉट आहे.”

“म्हणजे?”

“आजीची गाठ.”

माझ्या आजीनं बांधलेली गाठ सोडवायला कात्री लागायची. पेटाऱ्याला तिनं मारलेली एक गाठ तर तिच्या माघारी तशीच आहे. पेटारा मागून फोडावा लागला. तेव्हा आजीच्या नावावर असली लेचीपेची गाठ कुणी खपवली, याचा मला तिथल्या तिथे राग आला. पण समोर ऐकणारं कुणी नव्हतं. “आधी उजवं टोक डाव्यावर घ्यायचं, मग डावं उजव्यावर. ती रीफ नॉट. तुम्ही दोन्ही वेळा उजवंच डाव्यावर घेतलंय. ही सरकते.”

“बरं, मग रीफ नॉट मारतो.”

“इथे रीफ नॉट चालतच नाही. दोर नंतर ताणता आणि सैल करता आला पाहिजे ना?”

“मग ती सांगितलीस कशाला?”

“माहिती असावी म्हणून,” असं म्हणून तिनं अर्धा गुण कापला. “दोर कसला आहे?”

“निळा.”

पेन्सिल थांबली. “नायलॉनचा. नायलॉन भिजला की सैल पडतो. सुती असता तर आखडला असता. रात्री पाऊस आला तर काय कराल?”

मी प्रामाणिकपणे सांगितलं, “शिबिरातल्या दादांना हाक मारीन.” हे तिनं जसंच्या तसं लिहून घेतलं. लिहिताना ओठ हलत होते, त्यामुळे मला ते दिसलं.

माझी खरी भिस्त होती ती चरीवर. तंबूभोवती पाणी जायला चर खणायची असते हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि बाकीच्या पालकांपैकी एकालाही ते सुचलं नव्हतं. हाताला दोन फोड आणून मी चारही बाजूंनी सुबक चर खणली होती. तिथे ती आली आणि थबकली. मदतनीसही थबकले.

“हे कुणी खणलं?”

“मी,” मी छाती काढून म्हणालो.

“दोन गुण कमी. चर खणायची नाही. माती मोकळी होते, पाण्याबरोबर वाहून जाते, गवत परत येत नाही. जागाच आधी उंचवट्यावर बघायची.”

“पूर्वी खणायचे.”

“पूर्वी,” ती म्हणाली. बस, एवढंच. त्या एका शब्दात माझी पिढी, तिची खेळणी, तिची पाठांतरं आणि तिनं खणलेल्या सगळ्या चरी एकदम बुजल्या. मला आजही वाटतं की दोन गुण जास्त होते. एक ठीक होता.

मग ती बूट काढून आत गेली, माझ्या चटईवर आडवी पडली आणि तिनं डोळे मिटले. आम्ही तिघं बाहेर. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी कुजबुजत मदतनीसाला विचारलं, “झोपली का रे?” तो म्हणाला, “हो.” पण त्याच्या ‘हो’ला आता अर्थ उरला नव्हता.

“डोकं उताराला येतंय,” आतून आवाज आला. “कमरेखाली मूळ आहे. आणि झरोका बंद का केलाय?”

“डास येतात.”

“त्याला जाळी आहे. झरोका उघडा ठेवा, नाहीतर रात्री तुमच्याच श्वासाचं पाणी तुमच्यावर टपकेल.” बाहेर येऊन तिनं बुटांच्या नाड्या बांधल्या आणि जरा मवाळपणे म्हणाली, “हिवाळी शिबिराला तर तुम्ही टिकणारच नाही, काका. तिथे थंडी खालून येते, जमिनीतून. लोक वर दोन पांघरुणं घेतात आणि खाली एक चटई. उलटं करायचं असतं.” हे तिचं चौथं शिबिर होतं.

“आणि पावसाळी शिबिराला?”

तिनं मला वरून खाली पाहिलं. “पावसाळी शिबिराला पालकांना बोलवत नाहीत.”

या सगळ्या प्रकाराला जबाबदार कोण, म्हणून मी मागे जात राहिलो. बरीचशी बोटं रॉबर्ट बेडन-पॉवेल यांच्याकडे जातात. १९०७ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या पन्नाशीत, हा इंग्रज सेनाधिकारी वीसेक मुलं घेऊन इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर जाऊन राहिला आणि त्यातून पुढे स्काउट चळवळ उभी राहिली. मुलांचे चार गट होते : कर्ल्यू आणि रेव्हन (हे दोन्ही पक्षी), लांडगे आणि बैल. (बैल गटात कुणाला घालायचं हे कसं ठरवलं असेल, हा विचार मी बराच वेळ करत होतो. मला कुठे घातलं असतं याबद्दल शंका नाही.) सकाळी ते कुडू हरणाचं शिंग फुंकून मुलांना उठवत. पण माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. दुपारच्या जेवणानंतर त्या शिबिरात सक्तीची विश्रांती असे. बोलायलासुद्धा बंदी. सैन्यातल्या माणसानं काढलेल्या शिबिरात मुलांना दुपारी नुसतं पडून राहायची सक्ती होती, हे वाक्य मी कागदावर उतरवून खिशात ठेवलं, कारण माझ्या दुसऱ्या खिशात आमच्या शिबिराचं वेळापत्रक होतं.

त्या वेळापत्रकात पाच मिनिटंही मोकळी नाहीत. दुपारी जेवणानंतर ‘नेतृत्वगुण विकास’. मग ‘संघभावना’. सव्वाचार ते साडेचार ‘मुक्त खेळ’, पुढे कंसात ‘मार्गदर्शनाखाली’. रात्री ‘निसर्गाशी संवाद’, वीस मिनिटं. म्हणजे निसर्गाला काही जास्त बोलायचं असेल तर त्यानं उद्या यावं. या संवादात मुलांना रातकिड्यांची किरकिर घड्याळ लावून मोजायला बसवतात. किरकिर वाढते तसं हवेतलं तापमान वाढलेलं असतं. एमोस डॉल्बेअर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १८९७ मध्ये त्याचं चक्क सूत्र मांडलं. गोष्ट गमतीची आहे, मलाही आवडली. पण साठ मुलं अंधारात रातकिडे ऐकतायत आणि प्रत्येकाच्या हातात गणिताचा कागद! मी मुलाला विचारलं, “आवाज कसा वाटला?” तो म्हणाला, “बावीस अंश.”

आम्ही पैसे भरतो ते पोरांना चार दिवस कंटाळा यावा म्हणून. कंटाळा आला की ती दगड उलटे करतात, काठी घेऊन निघतात, भांडतात, झाडावर चढून अडकतात. घरी ते जमत नाही, कारण घरी आम्हीच येऊन विचारतो, रिकामा का बसलायस? आणि इथेही तेच विचारणारी माणसं, फक्त गळ्यात शिट्टी. मी हे शिबिराच्या दादांना बोलून दाखवलं. ते अतिशय सौम्य गृहस्थ. म्हणाले, “सूचना चांगली आहे. कंटाळ्यासाठी एक तासिका ठेवता येईल.”

रात्री शेकोटी. मी बसलो त्या बाजूला धूर आला. उठून पलीकडे गेलो, धूर पलीकडे आला. यातही म्हणे माझाच दोष : आग चहूकडून हवा ओढत असते, माणूस जवळ बसला की त्याच्या बाजूची हवा अडते आणि धूर तिकडे झुकतो. तर अशा रीतीनं डोळे चोळत असतानाच माझा निकाल वाचला गेला. ‘प्रयत्न करतात’ला टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईंनी माझं डोळे पुसणं पाहिलं आणि सांत्वनाच्या सुरात म्हणाल्या, “एवढं मनाला लावून घेऊ नका हो.” धूर आहे, असं मी तीनदा सांगितलं. त्यांना साडेआठ होते.

झरोका मी बंदच ठेवला. अकराच्या सुमाराला कपाळावर पहिला थेंब पडला, बाहेर आभाळ स्वच्छ असताना. तिनं सांगितलं होतं तेच, माझाच श्वास परत आला होता. चौथ्या थेंबाला मी चटई ओढत बाहेर आलो आणि माझ्याच चरीत पाय घालून पडलो. पडलो तसाच पडून राहिलो. वर इतके तारे होते की क्षणभर तपासणीचाही विसर पडला.

क्षणभरच. तोंडावर विजेरीचा झोत आला. पहारा. दादा बरोबर होते, पण ते चार पावलं मागे होते. पुढे कोण होतं हे सांगायला नको.

“काका, बाहेर काय करताय?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे काय?”

“म्हणजे पडलोय. वर बघतोय.”

“तारे मोजताय?”

“नाही.”

“ध्रुवतारा शोधताय?”

“नाही गं. नुसताच बघतोय.”

तिनं वर पाहिलं, कागदाकडे पाहिलं, विजेरी सगळ्या रकान्यांवरून फिरवली. मग मागे वळून विचारलं, “दादा, हे कशात धरायचं?” दादांनी बराच विचार केला. “सकाळी बघू,” ते म्हणाले. जाताना ती दोनदा मान वर करून चालली आणि दुसऱ्यांदा माझ्या खुंटीला अडखळली. खुंटी निघाली. मी काही बोललो नाही.

सकाळी फळ्यावर माझ्या नावापुढचे साडेतीन खोडून तीन केले होते. कारण : रात्री तंबूबाहेर आढळले. मुलाचा गट अर्ध्या गुणानं तिसरा आला. मी फेरतपासणी मागितली. दादा म्हणाले, जरूर, अर्ज द्या, तपासणी प्रमुखांकडे पाठवतो. आणि लांब उभ्या असलेल्या, कानामागे पेन्सिल खोचलेल्या प्रमुखांकडे त्यांनी बोट दाखवलं. मी अर्ज दिला नाही.

परतीच्या वाटेवर मुलगा खिडकीबाहेर बघत गप्प बसला होता. घराजवळ आल्यावर म्हणाला, “बाबा, मी तुला लांबून दोनदा दाखवलं होतं. पंचेचाळीस अंश. हात असा तिरका करून.”

मी काही बोललो नाही.

“आणि तू टाटा करत होतास.”