'पास आऊट' झालेली पोरगी

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. १९८८ची बॅच, मराठी माध्यम. सकाळी सुविचार, दुपारी फॉरवर्ड, रात्री कुणाच्या तरी गुडघ्यांची चौकशी, एवढंच तिथं चालतं. गेल्या रविवारी आमच्या एका वर्गमित्रानं पोरीचा फोटो टाकला. काळा गाऊन, डोक्यावर ती चौकोनी टोपी, एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला वहिनी. खाली इंग्रजीत ओळ: 'माय डॉटर इज पास आऊट इन इंजिनिअरिंग, व्हेरी प्राऊड मोमेंट्स.'

कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, तो आणि हाताखाली एक पोरगा. त्याच्या घराण्यात इंजिनिअर झालेली ही पहिली.

अभिनंदनं आली, अंगठे आले. मग बरीच वर्षं परदेशात काढून आलेल्या एकानं लिहिलं, "पास्ड आऊट म्हणजे बेशुद्ध पडणे. आली का मग शुद्धीवर?" पुढे तीन हसरे चेहरे. त्याखाली आणखी चौघांचे. तासाभरानं ग्रुपवर ती बारीक राखाडी ओळ उमटली, अमुक लेफ्ट.

मी त्या हसणाऱ्यांत नव्हते. पण काही बोललेही नाही. ते चार दिवस डोक्यात घोळतंय म्हणून लिहायला बसले.

आधी त्या 'पास आऊट'चंच बघू. बेशुद्ध पडणे हा अर्थ बरोबर आहे, पण एकमेव नाही. लष्करी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं यालाही इंग्रज 'पास आऊट' म्हणतो. खडकवासल्याला एनडीएची पासिंग आऊट परेड होते ती काय पोरं चक्कर येऊन पडतात म्हणून? आपल्या शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत जाऊन कुणालाही विचारा, अर्थ सांगतील. परेडच्या मैदानावरचा शब्द आपण कॉलेजात नेला, एवढाच गुन्हा. वाक्यात 'इज' नको होतं, हे मान्य. पण त्या 'इज'वर कोण हसलंच नाही. हसणाऱ्यांना ते दिसलं तरी होतं का, कुणास ठाऊक.

मला हे बोलायचा अधिकार काय, तर सव्वीस वर्षं मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार बघते. म्हणजे दिवसभर चुकीचं इंग्रजी वाचणं आणि दुरुस्त करून पाठवणं हाच धंदा. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. चूक बघितली की माणूस ती भाषा कशी शिकला ते कळतं. कानानं की डोळ्यानं.

आमच्या वेळी सरकारी अभ्यासक्रमात इंग्रजी पाचवीपासून होतं. (पहिलीपासून आलं ते २००० साली.) ते आम्ही ऐकलं नाही, पाहिलं आणि घोकलं. नॉलेजचं स्पेलिंग 'कनोवलेडगे', वेन्सडेचं 'वेडनेसडे', ब्यूटिफुलचं 'बेआउटीफुल'. बाई छडी घेऊन उभ्या. आजही बुधवार लिहायचा म्हटलं की मनात आधी 'वेडनेसडे' येतं. त्यामुळे उच्चारांची बोंब झाली, पण 'तिकडे'वालं देअर आणि 'त्यांचं'वालं देअर यांत आमच्या बॅचचा माणूस सहसा चुकत नाही. त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत, वेगवेगळ्या दिवशी पाठ केलेले.

आता माझी भाची बघा. इंग्रजी माध्यम, दहावीत. तिचं बोलणं ऐकलं तर वाटेल पोरगी लंडनला वाढली. ती मला चॅटवर 'युवर वेलकम' लिहिते, वाय-ओ-यू-आर असं. 'यू आर' जोडून मध्ये ॲपॉस्ट्रॉफी द्यायला हवी ती गायब. परवा तर 'आय कुड ऑव्ह कम' असं आलं. 'कुड हॅव्ह' घाईत बोललं की 'कुडव्ह' ऐकू येतं, म्हणून तिनं तिथं सरळ ओ-एफ ठेवून दिला. ही चूक मी आमच्या शाळेत एकदाही बघितली नाही. ही खास गोऱ्यांची चूक. आईच्या मांडीवर कानानं भाषा शिकलेले लोक ती करतात. माझी भाची यूट्यूबच्या मांडीवर शिकली. इंग्रजासारखं बोलायला लागली, तशी इंग्रजासारखी चुकायलाही लागली. मला याचा रागही येतो आणि कौतुकही वाटतं. तिला सांगितलं तर म्हणते, "मावशी, समजलं ना तुला? मग?" वर मलाच ऐकवते की मी प्रत्येक मेसेजला पूर्णविराम देते त्यामुळे मी कायम चिडलेली वाटते.

आपल्या चुका निराळ्या असतात. 'डिस्कस अबाऊट', कारण आपण कशाबद्दल तरी चर्चा करतो. 'टुडे मॉर्निंग', कारण आज सकाळी. 'डिड यू केम', कारण भूतकाळ क्रियापदाला चिकटतो हे आपल्या हाडात आहे, 'आलास का' यात वेगळं 'डिड' कुठाय? ए, ॲन, द तर विचारूच नका, आपल्या भाषेत ती वस्तूच नाही. आणि 'कझिन ब्रदर'वर हसणाऱ्यांना माझा सवाल आहे: नुसत्या कझिनवरून तो चुलत की मावस, आते की मामे, मुलगा की मुलगी, काय कळतं? उलट आपण त्यात थोडी माहिती भरली.

हे फक्त आपलंच, असं मी पहिली दोन वर्षं समजत होते. मग जर्मन गिऱ्हाईक आलं. त्यांच्या खरेदी विभागातल्या माणसानं लिहिलं, 'प्लीज सेंड द ड्रॉइंग अंटिल फ्रायडे.' इंग्रजाच्या हिशोबानं याचा अर्थ, शुक्रवार उजाडेपर्यंत ड्रॉइंग पाठवतच राहा. तिथं 'बाय फ्रायडे' पाहिजे. पण मला वाचताना काहीच खटकलं नाही, आणि मीही त्याला 'अंटिल थर्सडे वी विल सेंड' असंच उत्तर दिलं. दोघांना बरोबर कळलं, ड्रॉइंग बुधवारीच गेलं. पुढे समजलं की जर्मनमध्ये दोन्हीला एकच शब्द आहे, 'बिस'. मराठीत 'पर्यंत'. कोल्हापूर आणि जर्मनी एकाच खड्ड्यात पडले आणि तिथंच त्यांची गाठ पडली! त्याच माणसानं एकदा विचारलं होतं, 'व्हेन डू आय बिकम द सॅम्पल्स?' मी सॅम्पल कधी होणार? ऑफिसात आम्ही पोट धरून हसलो. जर्मनमध्ये मिळणे याला 'बेकोमेन' म्हणतात हे कळल्यावर हसू ओसरलं. बिचारा आपल्या आईच्या भाषेवर इंग्रजीचा कोट चढवून आला होता, आमच्या मित्रासारखाच.

आता कुणी म्हणेल, म्हणजे काहीही लिहिलं तरी चालतं का? नाही चालत. ही पुढची चूक माझी आहे, म्हणून नीट सांगते. एका शुक्रवारी मला गिऱ्हाइकाला लिहायचं होतं, माल आता निघतोय. 'नाऊ डिस्पॅचिंग'. माझ्या बोटांनी लिहिलं 'नॉट डिस्पॅचिंग'. शेवटचं एक अक्षर, डब्ल्यूच्या जागी टी. स्पेलिंग तपासणाऱ्या कॉम्प्युटरला काय त्याचं, 'नॉट' हा शब्द कोशात आहेच. व्याकरण शुद्ध, ए-द सगळं जागच्या जागी. तिकडचा माणूस घाबरला, त्यानं फोन केला तर आमचं ऑफिस बंद. सोमवारी मी मेल उघडेपर्यंत त्यानं निम्मी ऑर्डर दुसरीकडे देऊन टाकली होती. माल इकडे गाडीत भरून तयार. साहेब काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. 'पास आऊट'नं आजवर कुणाचा एक रुपया बुडाला असेल तर मला सांगा.

ड्रॉइंग वाचणाऱ्याला हे एका शब्दात कळेल: टॉलरन्स, म्हणजे माप किती कमी-जास्त झालं तर चालतं ते. कास्टिंगच्या, म्हणजे ओतून काढलेल्या भागाच्या, प्रत्येक मापाला सारखा टॉलरन्स नसतो. बेअरिंग बसणार त्या बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजतात, जरा इकडेतिकडे झालं की रिजेक्ट. बाहेरची बाजू, जिथं काही बसणार नाही, ती मिलिमीटरभर कमी-जास्त असली तरी कोण बघत नाही, बऱ्याचदा मशिनिंगही करत नाहीत. बाहेरच्या बाजूला मायक्रोमीटर लावणाऱ्या इन्स्पेक्टरला शॉपमध्ये काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणि गंमत म्हणजे ज्याच्यावर ग्रुप हसला तो माझा मित्र बोअरच्या कामासाठीच ओळखला जातो. मिलिमीटरचा शंभरावा भाग त्याच्या बोटाला कळतो.

शिवाय ज्या स्पेलिंगचा एवढा दरारा, त्याचं घराणं तरी कुठं स्वच्छ आहे? कर्ज या अर्थाच्या 'डेट'मध्ये बी का आहे? शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा नव्हता. लॅटिनशी नातं दाखवायला पंडितांनी मागाहून घुसडला, उच्चारात तो आजवर आला नाही. 'आयलंड'मधला एस तर निव्वळ गैरसमजातून आला, दुसऱ्याच शब्दाचा पाहुणा. 'नाइफ'चा के मात्र एकेकाळी खरंच बोलला जायचा. १४७६ साली विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना टाकला, स्पेलिंगं छापात बसत गेली, आणि त्याच दोनतीनशे वर्षांत बोलण्यातले स्वर पार बदलून गेले. लिहिणं मागे राहिलं, बोलणं पुढे गेलं, आणि मधल्या फटीत आमच्या बाई छडी घेऊन उभ्या राहिल्या. शेक्सपिअरच्या सहा सह्या शिल्लक आहेत, एकीतही नाव आज आपण लिहितो तसं नाही. त्याला ग्रुपवर घेतलं असतं तर पहिल्या दिवशी लेफ्ट झाला असता.

मराठीच्या चुकांवर मात्र हेच लोक गप्प असतात. बिंदू चौकातून महाद्वारापर्यंत चालत जा, 'हार्दीक शुभेच्या'चे फ्लेक्स मोजा. कोण थांबतो? आणि इथंही मी फार ताठ होत नाही. आज आपण पाळतो ते शुद्धलेखनाचे नियम साहित्य महामंडळाचे, सरकारनं १९६२ला मान्य केलेले. त्याआधी करवीर दरबारचा कारभार चालला तो मोडी लिपीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द सुटे लिहीत नाहीत, विरामचिन्हं नाहीत. तरी हुकूम पोचायचे. शाहू महाराजांनी १९१७ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते दीर्घ 'की' आणि ऱ्हस्व 'कि' यावर अडून बसले नव्हते.

हां, पोरं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात त्यावर मी पूर्वी चिडायचे. मग आठवलं, ती सवय आपणच लावली. एसएमएसच्या दिवसांत इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर एका मेसेजात १६० अक्षरं मावायची, देवनागरीत ७०. आणि सणाच्या दिवशी मेसेजला पैसे पडायचे. आता फुकट आहे, पण बोटांना कोण सांगणार.

एक जुनी गोष्ट सांगते, म्हणजे मला हे एवढं का लागलं ते कळेल. एम.ए.ला मी पुण्यात होते. होस्टेलवर पहिल्या संध्याकाळी निघताना म्हणाले, "बरं, मी येतो." खोलीत हशा. "येतो? तू मुलगा आहेस का?" कोल्हापुरात आमच्या आजीपासून सगळ्या बायका येतो, जातो, करतो असंच बोलतात, त्यात चूक काही असते हे मला एकविसाव्या वर्षी कळलं. दोन वर्षं जीभ चावत 'येते' म्हणाले. त्या दोन वर्षांत मी वर्गात एकदाही आपणहून तोंड उघडलं नाही. परत आल्यावर एसटी स्टँडवर रिक्षावाल्याशी भाव करतानाच 'देतो की' तोंडातून गेलं, आणि असं हलकं वाटलं म्हणून सांगू!

काल शेवटी मित्राला फोन केला. उगाच इकडचं तिकडचं बोललो. मग तोच म्हणाला, "अगं, पोरगी म्हणालीच हुती, पप्पा मराठीत टाका. मला वाटलं, एवढी मोठी गोष्ट, मराठीत टाकली तर साधी दिसंल."

मला पुढं काय बोलावं सुचेना. म्हटलं, ग्रुपवर परत ये. म्हणाला, "र्‍हाऊ दे की. कामं लै हाईत." पोरीचं विचारलं तर नोकरी लागल्याय म्हणाला, पुढच्या महिन्यात जाणार.

रात्री त्याचा मेसेज आला. इंग्रजीतच. रविवारी घरी जेवायला ये, असा. 'डिनर'मध्ये एकच एन होता, म्हणजे झालं 'डायनर', अमेरिकेतलं रस्त्याकडेचं हॉटेल. 'कम'चा शेवटचा ई पडलेला. वार मात्र बरोबर, वेळ बरोबर, आणि खाली मराठीत 'पांढरा रस्सा हाय'.

मी उत्तर लिहिलं, 'मी येतो.'